घोड्यांच्या हौदापाशी

मटार अर्धे सोलून झाले होते. दाणे पातेल्यात, टरफलं परातीत, आणि पिशवीत अजून तेवढ्याच शेंगा शिल्लक. पुढचं दार वाजलं नाही, नुसतं उघडलं, त्यावरूनच कळलं की भावजी आलेत. आमच्या घरात दार न वाजवता, हाक न मारता येणारा माणूस एकच. पण तो दुपारी कधी येत नाही.

त्यांनी हात धुतले, माझ्यासमोर पाट ओढला आणि शेंगा सोलायला घेतल्या. मीही विचारलं नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून एवढं शिकले आहे की धाकट्या दिराला विचारून काही कळत नाही, थांबून कळतं. पिशवी निम्मी झाली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आवाज काढून टाकायचा म्हणतायत."

थंडीपासून त्यांचा घसा बसलेला होता. मी मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, मध चाटवला, हे म्हणाले, "एरवी तरी हा कुठे बोलतो, घशाला गंज चढला असेल." शेवटी मीच मागे लागून मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. तिथे गळ्यात आतून नळी घालून बघितलं आणि गाठ सापडली. गाठ आवाजाच्या जागीच. ती जागाच काढायची, म्हणजे जीव राहील. श्वास गळ्याला ठेवलेल्या भोकातून घ्यायचा. बोलणं मात्र कायमचं गेलं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. नको म्हणून सांगून आलो."

आणि पुन्हा शेंगा सोलायला लागले. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. उरलेले मटार त्या दिवशी त्यांनीच सोलले.

भावजींना घरात सगळे घुम्या म्हणायचे. हे नाव सासूबाईंनी ठेवलेलं. त्या गेल्या, नाव राहिलं. लग्न केलं नाही, माडीवरची खोली त्यांची, आणि दिवसाकाठी आमच्या वाट्याला त्यांचे शब्द ठरलेले: "वाढा," "पुरे," आणि जाताना "येतो." आमचे हे त्याच्या अगदी उलट. झोपेतसुद्धा बोलतात. सकाळी दात घासताना तोंडात ब्रश असला तरी यांचं चालूच. दोघे एका आईच्या पोटचे आहेत हे पाहुण्यांना पटायचं नाही.

आणि गंमत अशी की या मुखदुर्बळ माणसाचा धंदा बोलण्याचा. बाहेरगावाहून आलेल्यांना ते आमचं शहर दाखवतात. सकाळी स्टेशनाबाहेरच्या झाडाखाली उभं राहायचं, चारदोन माणसं जमली की पायी फेरीला निघायचं. जुन्या वेशीपासून वजनकाट्याची इमारत, तिथे जेवण, मग नदीवरच्या पुलापर्यंत. कुठे काय घडलं, कुठे काय खावं, संध्याकाळी कुठे जाऊन बसावं, सगळं सांगायचं. मला हे ऐकून माहीत होतं, पण खरं वाटत नव्हतं. एकदा मासळीबाजारात कोळीण म्हणाली, "तुम्ही रेडिओच्या घरच्या ना?" मी म्हटलं, "नाही बाई, आमचा रेडिओ बिघडला तेव्हाच भंगारात दिला." ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाजारात भावजींना रेडिओ म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आपल्याकडे आल्यावर त्याचे सेल काढून ठेवतात की काय?"

मला त्यांचं काम ठाऊक होतं ते फक्त शर्टांवरून. त्यांचे शर्ट मी धुते, इस्त्री करते. रोज शर्टाच्या पाठीवर तेच डाग. उजव्या खांद्यावर विटकरी रंग, पाठीवर मधोमध चुना, आणि खाली कमरेशी शेवाळाची हिरवी रेघ. किती घासलं तरी हिरवं जात नाही. मी कुरकुरायचे, "हा माणूस शहर दाखवतो की भिंतींना पाठ खाजवतो!" ते ऐकायचे आणि जिना चढून जायचे.

तर त्या संध्याकाळी ही बातमी मी ह्यांच्या कानावर घातली. हे ऑफिसातून आलेले, पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. माडीवर गेले ते तसेच. खालून मला सगळं ऐकू येत होतं, म्हणजे एकाचंच. "वेडा झालास का? डॉक्टर काय मूर्ख आहेत? गाठ कुणाची वाट बघते का?" भावजींचा आवाज नाही. मग हे म्हणाले, "अरे, तू बोललास काय आणि न बोललास काय, घरात कुणाला फरक पडणार आहे?"

बोलून गेले आणि त्यांनाच कळलं. जिन्यावरून उतरले ते सरळ मागच्या मोरीत, आणि नळ सोडून उभे राहिले. बराच वेळ नळ वाहत होता. तोंड धुवायला एवढं पाणी लागत नाही. मी आत गेले नाही.

देवापुढे बसले तर काय मागावं तेच कळेना. रोज मागायची सवय असलेल्या बाईला मागणं सुचू नये, असं माझं प्रथमच झालं. आवाज ठेव म्हणावं तर माणूस जातो, माणूस ठेव म्हणावं तर त्याचं सगळं जातं. शेवटी एवढंच म्हटलं, "त्यांना हो म्हणायची बुद्धी दे, आणि ते कसं व्हायचं ते तूच बघ. माझं डोकं चालत नाही."

सकाळी भावजी चहाला खाली आले. मी शर्टाची घडी पुढे ठेवली आणि म्हटलं, "आज मला बरोबर न्या."

"कुठे?"

"फेरीला."

ते माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, फार चालावं लागतं तिथे."

"मग इथे काय मी दिवसभर लोळत असते?"

यावर ते हसले. डबा, डाळ भिजवणं, गच्चीतले कपडे, सगळं ह्यांच्यावर सोपवलं. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, यावरूनच त्यांची अवस्था समजावी.

झाडाखाली तिघंच आलेली. एक म्हातारं जोडपं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मध्यमवयीन बाई. भावजींनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या वहिनी. यांनाही शहर बघायचंय." म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "नव्याच आलात का इथे?" मी म्हटलं, "हो, तसं नव्यानेच." खोटं बोलले, पण चालता चालता वाटायला लागलं की फारसं खोटं नव्हतं. या रस्त्यांवरून मी पिशव्या घेऊन जन्मभर गेले होते, मान खाली घालून, भाजीचे भाव डोक्यात ठेवून.

वेशीपाशी पोचलो. विटांची जुनी कमान, तिच्या पोटातून आता दुचाक्या जातात. भावजींनी सगळ्यांना समोर उभं केलं आणि म्हणाले, "आधी बघा, मग ऐका." आणि गप्प! आम्ही बघत राहिलो. सुरुवातीला नुसत्या विटा दिसल्या. मग दिसलं की कमानीच्या डाव्या अंगाला, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक विटेएवढं भोक आहे आणि त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. म्हाताऱ्या बाईंनाही ते तेव्हाच दिसलं, त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. तेवढ्यात भावजी वेशीला उजवा खांदा टेकवून उभे राहिले, पाठ कमानीकडे, तोंड आमच्याकडे.

माझ्या मनात आलं, हा विटकरी डाग!

ते बोलू लागले, आणि मी त्या माणसाला प्रथमच बघितलं. आवाज बसलेला होता, फाटलेला होता, तरी काय तो आवाज! तापाची साथ आली तेव्हा वेस बंद केली होती, पहारेकरी बाहेर अडकला आणि त्याची बायको आत. ती रोज त्या भोकातून त्याला पाव द्यायची आणि तो तिला बाहेरची बातमी द्यायचा. "कडा गुळगुळीत झाल्या त्या पावाने नाही," भावजी म्हणाले, "हातांनी. पाव देऊन झाला तरी हात कुणी लगेच मागे घेत नव्हतं." कॅमेरावाल्या बाईने कॅमेरा खाली केला आणि त्या भोकात स्वतःचा हात घालून बघितला. मीही घातला. आतली वीट गार होती.

बोलताना ते त्या जागेकडे एकदाही बघत नाहीत. त्यांची नजर माणसांच्या तोंडावर. कोण कंटाळलं, कुणाचे पाय दुखतायत, कुणाला अजून ऐकायचंय, ते त्यावरून ठरवतात कुठे आखडायचं आणि कुठे सोडायचं. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त एवढंच बघत होते की हाच माणूस माझ्या स्वयंपाकघरात "पुरे" म्हणून उठतो.

वजनकाट्याच्या इमारतीला पाठ टेकवली, तिथला चुना. पूर्वी शहरात येणारं सगळं धान्य तिथे तोललं जायचं. दाराशी एक दगड आहे, त्याला अंगठ्याएवढा खळगा. माल तोलताना व्यापारी हळूच तागडीला अंगठा लावायचे, म्हणून तोलणाऱ्याने नियम केला, तोलताना प्रत्येकाने अंगठा या दगडावर ठेवायचा. म्हातारेबुवांनी लगेच अंगठा ठेवला. बायको म्हणाली, "ठेवा, ठेवा, किराणा तुम्हीच आणता." सगळे हसले, भावजीही. हसताना त्यांना खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत मी दगडाकडे बघत राहिले.

जेवण त्याच इमारतीच्या मागच्या खोल्यांत. तिथे एक बाई खानावळ चालवते. सगळे तिला मावशी म्हणतात, वयाने माझ्याहून लहान असेल. खाली मासळीबाजार, वर ही खोली. भावजींनी सगळ्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, का तर खाली विकला जाणारा मासा बघत वर तोच मासा खायचा. "इथे काय चांगलं मिळतं?" या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं: "खाली बघा, जिथे गर्दी आहे तो मासा मागवा." तव्यावर परतलेला मासा, पाव, चिरलेला कांदा. बाकं रुंद आणि काळी पडलेली. पूल नव्हता तेव्हाच्या होड्यांच्या फळ्या आहेत त्या, असं भावजींनी सांगितलं. कॅमेरावाली उठून आपण बसलो त्या फळीवर हात फिरवू लागली.

मावशीने मला न्याहाळलं. "तुम्ही वहिनी होय! इतक्या वर्षांत आज पाय लागले. मला वाटायचं याला घरी जेवायलाच मिळत नाही, म्हणून इथे येतो."

मला ते झोंबलं. "रोज दुपारचा डबा भरून देते मी."

"माहीत आहे. तो डबा मी खाते." आणि तिने भावजींपुढे न मागता कोमट पाण्याचा पेला ठेवला. दुसऱ्या कुणापुढे कोमट पाणी नव्हतं.

ताटं उचलताना ती माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "यांना हो म्हणायला लावा. मी सांगून थकले. म्हणतात, आवाज गेला तर गिऱ्हाईक कुठून आणू तुझ्याकडे. मला गिऱ्हाईक नको, वहिनी. माणूस हवा." तिचे डोळे ताटांकडेच होते. डब्याचं मला वाईट वाटणं तिथेच संपलं.

ऊन उतरल्यावर पुलावर आलो. पुलाच्या या टोकाला जकातीची जुनी खोली आहे, आता बंद, आणि तिच्या बाजूला दगडी हौद. पूल ओलांडून आलेल्या घोड्यांना पाणी पाजायला बांधलेला. अजूनही एका कोपऱ्यातून पाणी झिरपतं. भावजी हौदाच्या काठाला टेकले. शेवाळ! मी मनात म्हटलं, म्हणजे फेरी इथे संपते. मला ती सगळी पाठच होती की. खांदा, पाठ, कंबर.

"आधी बघा," ते म्हणाले. आवाज आता घोगराही राहिला नव्हता, नुसती हवा येत होती. सगळी जवळ सरकली.

"इथली गोष्ट फार जुनी नाही. घोडे गेले, गाड्या आल्या, मग हौदाचा उपयोग काय? तर एकदा पुलाचं काम चाललं होतं. बस पलीकडेच थांबायची, माणसांनी चालत यायचं. एका संध्याकाळी एक नवी नवरी चालत आली. डोंगरातल्या गावची. एवढी मोठी नदी तिने कधी बघितली नव्हती. नवरा जकातीच्या कारकुनाशी हुज्जत घालत बसला, ट्रंकेत काय आहे आणि काय नाही. त्याचं बोलणं काही संपेना..."

माझ्या पायाखालचा पूल हलला असं वाटलं.

"ती एकटी या हौदापाशी आली. इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही असं वाटलं तिला, आणि रडली. फार रडली. मग या पाण्याने तोंड धुतलं, पदराने पुसलं, आणि हसऱ्या तोंडाने नव्या घरी गेली. त्या घरात तिला रडताना कुणी कधी बघितलं नाही. शहरात येणारा प्रत्येक जण काहीतरी मागे सोडून येतो. काही जण ते इथे..."

आणि आवाज गेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. त्यांनी गळ्याला हात लावला. पुन्हा प्रयत्न केला. म्हातारं जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. भावजींच्या डोळ्यांत जे आलं ते मला बघवेना. त्या माणसाने घरात कधी मीठ कमी आहे म्हटलं नाही, आणि तो आज परक्यांसमोर गोष्ट अर्धी ठेवून उभा होता.

मी पुढे झाले. काठाला टेकले, त्यांच्या शेजारी. आणि म्हटलं, "पुढचं मी सांगते. कारण ती मुलगी मला माहीत आहे. ती घरच्या आठवणीने रडत नव्हती. तिला नव्या चपला चावत होत्या."

सगळी हसली. मी कधी चार माणसांत बोलले नव्हते, पण हसलेल्या माणसांसमोर बोलणं सोपं जातं. मी सांगितलं, "दोन्ही टाचा सोलून निघाल्या होत्या. नवरा तिकडे ट्रंकेपाशी बोलतोय, आणि हिला सांगायची लाज. सासरी पहिलं पाऊल आणि लंगडत? म्हणून हिने इथे चपला काढल्या, टाचा पाण्यात बुडवल्या आणि तेव्हा रडली. बघणाऱ्याला हौदाच्या भिंतीमुळे पाय दिसले नाहीत. तोंडच दिसलं."

मग मी थांबले. देवाला मानणाऱ्या बाईने गोष्ट अर्धी खरी सांगून कसं भागणार? म्हणून म्हटलं, "आणि थोडी घरासाठीही रडली. पाण्यात पाय घातल्यावर."

म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना कळलं होतं. कॅमेरावाली विचारत होती, "मग घरी गेल्यावर टाचांना काय लावलं?" मी म्हटलं, "तूप. सासूबाईंनी बघितलं आणि न बोलता लावलं."

मंडळी गेली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. भावजी हसत होते, आवाज न करता, खांदे हलवून. डोळे पुसत होते. मग फार हळू, शब्दाला शब्द जोडत म्हणाले, "मला आईने ट्रंक उचलायला पाठवलं होतं. नुकती मिसरूड फुटली होती मला. या जकातीच्या खोलीआड उभा होतो. पुढे यावं की नाही, कळेना."

"म्हणून आला नाहीत."

"म्हणून आलो नाही. आणि घरी हे बोललो असतो तर तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून बाहेर सांगत राहिलो. इतकी वर्षं चुकीचं सांगितलं, वहिनी."

"मग आता बरोबर सांगायचं. त्यासाठी माणूस तर हवा ना जागेवर."

"आणि सांगणार कोण?"

"मी सांगीन. तुम्ही पुढे चाला. हातात एक काठी घ्या, मी चुकले तर आपटा."

त्यांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. "तुम्ही मध्ये मध्ये देव घुसवाल."

"थोडा घुसवीन."

"वेशीपाशी नको," ते म्हणाले. "तिथे लोक घाईत असतात. इथे चालेल."

एवढ्यावरून मला कळलं की माझं मागणं ऐकलं गेलं. हो असं ते म्हणालेच नाहीत. तो शब्द त्यांच्याकडून मला आजपर्यंत मिळालेला नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला तो ह्यांनीच दवाखान्यात जाऊन ठरवला, आणि भावजींनी नको म्हटलं नाही, इतकंच.

मधले जे थोडे दिवस मिळाले, त्यांत भावजी फेरीला गेले नाहीत. राहिलेला आवाज त्यांनी घरात खर्च केला. पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो, ह्यांनी ऑफिसातल्या भांडणाची गोष्ट सुरू केली आणि भावजी मध्येच म्हणाले, "दादा, त्या काट्याच्या दगडाचं तुला माहीत आहे का?" ह्यांचा घास हातातच राहिला. मग भावजी बोलत राहिले, कुजबुजल्यासारखे, आणि हे ऐकत राहिले. ताट वाळलं तरी उठले नाहीत. भावजी थांबले की म्हणायचे, "अजून सांग." मी या घरात आल्यापासून ह्यांना कुणाला अजून सांग म्हणताना ऐकलं नव्हतं. एकदा फक्त हे म्हणाले, "अरे, हे सगळं तू घरी का नाही सांगितलंस कधी?" भावजी म्हणाले, "जागा कुठे होती? तू बसलेला असायचास ना त्या खुर्चीत." आणि दोघेही हसले. नंतर ह्यांनी मान खाली घातली.

दिवसा माझी शिकवणी. मी पोळ्या लाटायचे आणि ते पाटावर बसून मला वेस सांगायचे. मी परत म्हणून दाखवायचे. "फार भरभर." "इथे थांबा, लोकांना बघू द्या." "बायकोचा हात आधी, पाव नंतर." एकदा मी पहारेकऱ्याच्या बायकोच्या तोंडी प्रार्थना घातली. त्यांनी लाटणं उचलून ओट्यावर आपटलं. मी प्रार्थना काढून टाकली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना आत नेत होते. हे चाकाच्या खाटेला धरून चालत होते. म्हणाले, "काय बोलायचंय ते बोलून घे. मी ऐकतोय." आम्हाला दोघांनाही वाटलं, काहीतरी मोठं बोलतील. भावजींनी ह्यांच्या मनगटावर थोपटलं.

"दादा, आता तू बोल. तुझं बरं चाललं होतं."

हाच त्यांचा शेवटचा आवाज. दार बंद झालं. आणि आमचे हे, ज्यांना झोपेतही गप्प बसता येत नाही, ते त्या बाकावर दुपार कलेपर्यंत एक शब्द न बोलता बसून होते. मी नामस्मरण करत होते, तेही ओठांतच. मावशी केव्हातरी येऊन पलीकडच्या टोकाला बसली. तिच्या मांडीवर डबा होता, तिने केलेला. मी सरकून तिला जवळ बसवलं.

गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, सगळी निघाली असं दिसतंय, पुढे बघत राहायचं. दिसतंय हा शब्द मला बोचला, पण डॉक्टरांनी तो प्रामाणिकपणे वापरला होता. देवानेही मला याहून जास्त कधी सांगितलेलं नाही.

आता भावजी घरी आहेत. गळ्याशी पातळ पांढरा रुमाल असतो. त्यातून श्वास येताजाता एक बारीक शीळ वाजते. आधी त्या शिळेने मी दचकायचे, आता ती ऐकू आली नाही तर मान वळवून बघते. ह्यांनी हौसेने पाटी आणि पेन्सिल आणून दिली. भावजी ती फारशी वापरत नाहीत. काठी मात्र वापरतात. जेवताना एकदा आपटायची म्हणजे वाढा, दोनदा म्हणजे पुरे. हे म्हणतात, "बघ, आमचा घुम्या काही बदलला नाही." आणि लगेच ते दुसरंच काहीतरी बोलायला लागतात, कारण आता घरात बोलायचं काम पुन्हा त्यांच्याकडेच आलेलं आहे.

काल ते बरे झाल्यावर पहिल्यांदाच आम्ही दोघं पुलापर्यंत जाऊन आलो. ते पुढे, मी मागे. वेशीपाशी मी सगळं सांगितलं, समोर ऐकायला त्यांच्याशिवाय कुणी नसताना. त्यांनी एकदाच काठी आपटली. मी कमानीकडे बघून बोलत होते, माणसाकडे नाही. मी वळले, खांदा विटांना टेकवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून पुन्हा सुरुवात केली. घरी आल्यावर बघितलं तर माझ्या नव्या पातळाच्या खांद्यावर विटकरी डाग. साबण लावून ठेवला आहे, निघेल असं वाटत नाही.

शनिवारी झाडाखाली मंडळी येणार आहेत. ती कॅमेरावाली बाई तिच्या मैत्रिणींना पाठवते आहे, आणि तिने निरोप दिलाय की चपलेच्या गोष्टीशिवाय त्यांना सोडू नका. भावजींनी तो निरोप ऐकला आणि माझ्या पायांकडे बोट दाखवलं. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा निघालाय, टाच झिजलेली आहे.

उद्या सकाळी, हे ऑफिसला निघाले की, चपला शिवायला टाकून यायच्या आहेत.